सोयाबीनसाठी लाकूड-सिरका : उपयोग, प्रमाण आणि मर्यादा

(मालवण तालुक्यातील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोळशाच्या भट्टीतून निघणारा धूर थंड केला की त्यातून तांबूस रंगाचे, आंबट आणि धुरकट वासाचे पाणी मिळते. त्यालाच लाकूड-सिरका म्हणतात. बाजारात तो ‘वुड व्हिनेगर’ या नावाने बाटल्यांमधून विकला जातो. पीक जोमाने वाढते, कीड पळते, रोग थांबतो, जमीन सुधारते, असे त्याचे अनेक गुण सांगितले जातात. सोयाबीनसाठी तो विशेष उपयोगी असल्याचेही सांगतात. यातील खरे किती, आपल्या जमिनीला लागू किती आणि पैसे खर्च करण्याआधी काय पाहावे, हा आजचा विषय आहे.

सोयाबीन हे किनाऱ्याचे पीक नाही, हे आधीच स्पष्ट करतो. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने विदर्भ आणि मराठवाड्यात घेतले जाते. घाट चढून गेले की कोल्हापूर, सांगली भागातही ते दिसते. आपल्याकडे भात, नारळ, आंबा, काजू आणि भातानंतरचे कुळीथ, चवळी, वाल, भुईमूग ही पिके आहेत. तथापि भरड जमिनीवर सोयाबीन घेऊन पाहावे असे काहींच्या मनात असते. शिवाय सोयाबीन, चवळी, कुळीथ आणि भुईमूग ही सर्व एकाच कुळातील, मुळांवर गाठी असलेली पिके आहेत. सोयाबीनबाबत जे सांगणार आहे, त्यातील बराच भाग या पिकांनाही लागू आहे. लाकूड-सिरक्याचा कच्चा माल, म्हणजे नारळाची करवंटी आणि बागांतील छाटणीचे लाकूड, तर आपल्या दारातच आहे.

धुरातून काय मिळते ?

लाकूड मोकळ्या हवेत जाळले तर राख उरते. हवा अगदी कमी ठेवून तापवले तर कोळसा उरतो आणि दाट धूर निघतो. या धुरात पाण्याची वाफ, आम्ले, अल्कोहोल, फिनॉल वर्गातील पदार्थ आणि डांबर असते. धूर थंड झाला की हे सर्व द्रवरूपात येते. चांगल्या सिरक्यात ८० ते ९० टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात मुख्य घटक ॲसेटिक आम्ल, म्हणजे खाण्याच्या सिरक्यात असते तेच आम्ल. त्याशिवाय दोनशेहून अधिक पदार्थ अल्प प्रमाणात असतात. सिरक्याचा सामू साधारण २ ते ३ असतो, म्हणजे तो बराच तीव्र आंबट असतो.

ही गोष्ट नवी नाही. १९२३ साली भद्रावती येथे सुरू झालेल्या म्हैसूर संस्थानच्या लोखंड कारखान्यात कोळशासाठी लाकूड बंद भट्ट्यांत तापवत आणि निघणाऱ्या द्रवापासून मिथिल अल्कोहोल व ॲसेटेट वेगळे काढत. शेतीतील वापर मात्र जपान आणि थायलंडसारख्या देशांत जास्त रुजला. तिकडे खेड्यापाड्यांतील कोळसा करणारे हा सिरका धरून ठेवतात.

धुराचे आणि बियाण्याचे नाते आपल्यालाही परके नाही. आपण राब भाजतो. बियाणे चुलीच्या वर धुरात टांगून ठेवण्याची रीत घरोघरी होती. २००४ साली ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी धुरातील एक पदार्थ वेगळा काढून दाखवला. तो अत्यल्प प्रमाणातही काही वनस्पतींच्या बियांना उगवायला लावतो. या गटातील पदार्थांना ‘कॅरिकिन’ म्हणतात. धुरात पिकावर परिणाम करणारे काहीतरी असते हे यावरून सिद्ध झाले. पण तो परिणाम प्रत्येक बियाण्यावर सारखा होत नाही आणि तणांचे बीही त्याने उगवू शकते, हेही लक्षात घ्यावे.

हे खत नव्हे

आता थोडा हिशेब करू. सिरका फवारणीसाठी साधारण ५०० पट पातळ करतात, म्हणजे १ लिटर पाण्यात २ मि.लि. एक एकर सोयाबीनला हातपंपाने सुमारे २०० लिटर पाणी लागते. म्हणजे एका फवारणीत ४०० मि.लि. सिरका जातो. त्यात ५ टक्के ॲसेटिक आम्ल धरले तर संपूर्ण एकरावर २० ग्रॅम आम्ल पडते. नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ काहीच नाही.

दुसऱ्या बाजूला सोयाबीनची भूक पाहा. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. एक क्विंटल दाण्यात त्यामुळे ६ किलोहून अधिक नत्र असते. एकरी ८ क्विंटल उत्पादन आले तर केवळ दाण्यांतून ५० किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर जाते. युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांमध्येही एवढे नत्र नसते. हे नत्र पिकाला कोठून मिळते ? मुख्यत्वे मुळांवरील गाठींतून. गाठींमधील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात.

म्हणून सोयाबीनमध्ये जपायची पहिली वस्तू म्हणजे गाठ. लाकूड-सिरका तिच्या कामात भर घालू शकतो का, हा नंतरचा प्रश्न. तो तिला अपाय तर करणार नाही ना, हा आधीचा प्रश्न. तीव्र सिरका जंतुनाशक आहे. काही देशांत तो पेरणीपूर्वी जमिनीतील रोगजंतू मारण्यासाठी आणि तण जाळण्यासाठी वापरतात. जो द्रव रोगजंतू मारतो तो रायझोबियमलाही सोडत नाही. पातळ द्रावण आणि तीव्र द्रावण ही जणू दोन वेगळी द्रव्येच आहेत असे समजून वागावे.

आपली जमीन आणि सिरका

सिंधुदुर्गातील बहुतेक जमीन जांभ्या खडकापासून बनलेली, आम्लधर्मी आहे. तिच्यातील लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, तो पिकाला सहजी मिळत नाही. आम्लता जास्त असली की रायझोबियमची वाढ मंदावते आणि गाठी कमी धरतात. अशा जमिनीत सिरक्याने ‘जमीन सुधारते’ हे म्हणणे तपासून घ्यावे लागते. देशावरील चुनखडीयुक्त, अधिक सामूच्या जमिनीची गोष्ट वेगळी. आपल्या जमिनीला आणखी आम्ल नको, तिला चुना हवा. मातीत तीव्र सिरका ओतण्याचा प्रयोग आपल्याकडे करू नये.

सोयाबीन घ्यायचेच असेल तर पुढील कामे आधी करावीत.

१) माती परीक्षण करून घ्यावे आणि अहवालानुसार पेरणीपूर्वी चुना मिसळावा. किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना मिळतो, तो चांगला आहे. मात्र मात्रा अहवाल पाहूनच ठरवावी.

२) निचऱ्याची जमीन निवडावी. सोयाबीनच्या मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे भाताच्या खाचरात खरीप सोयाबीन घेऊ नये. भरड, उताराच्या जमिनीवर गादीवाफे किंवा रुंद वरंबा-सरी करून पेरावे.

३) बियाण्यास सोयाबीनचेच रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५ ग्रॅम प्रति किलो या प्रमाणात चोळावेत. ज्या जमिनीत पूर्वी सोयाबीन घेतलेले नाही तेथे हे काम टाळून चालणार नाही, कारण सोयाबीनच्या गाठींचे जिवाणू तेथे मुळात नसतात. चवळी, कुळथाचे रायझोबियम सोयाबीनला चालेलच असे नाही.

४) सोयाबीनचे साल नाजूक असते. बियाणे आपटू नये, भिजवू नये. बीजप्रक्रिया हलक्या हाताने करून सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. दोन ओळींत ४५ सें.मी. आणि दोन रोपांत ५ सें.मी. अंतर ठेवावे.

ही चार कामे झाली नसतील तर सिरक्याच्या बाटलीवर खर्च करू नये. पाया न घालता भिंतीला रंग देण्यासारखे ते होईल.

सिरका घरी कसा तयार करावा ?

२०० लिटरचे लोखंडी पिंप आडवे ठेवून, सभोवती माती लिंपून लहान भट्टी करता येते. पुढच्या बाजूला जाळ घालण्यासाठी तोंड ठेवावे, मागच्या बाजूला धुराडे. पिंपात सुकी करवंटी किंवा मनगटाएवढ्या जाडीचे सुके लाकूड घट्ट रचावे. लाकूड ओले असेल तर सिरका पाणीदार होतो.

धुराड्याच्या तोंडावर तिरकी नळी धरावी. नळी चार ते पाच मीटर लांब असावी म्हणजे धूर वाटेत थंड होतो. पोकळ कळकाची पेरे आतून फोडून उत्तम नळी होते. आपला माणगा भरीव असल्यामुळे तो या कामी येत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची किंवा तांब्याची नळी घेऊ नये, आम्ल धातूला खाते आणि तो धातू सिरक्यात उतरतो. नळीवर ओली गोणपाटे गुंडाळावीत. नळीच्या खालच्या टोकाकडे छिद्र पाडून त्याखाली प्लॅस्टिकचा कॅन ठेवावा.

सर्व धूर धरायचा नसतो, ही यातील मुख्य खूण. सुरुवातीचा पांढरा, ओलसर धूर बहुतेक पाण्याची वाफ असतो. धुराड्याच्या तोंडाशी धुराचे तापमान ८० अंश सेल्सिअस झाले की सिरका धरण्यास सुरुवात करावी आणि १५० अंशांवर थांबावे. त्यापुढे डांबराचे प्रमाण वाढते. तापमापक नसेल तर धूर पाहावा. तो पिवळसर पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा झाला की धरावा, निळसर आणि विरळ होऊ लागला की कॅन बाजूला घ्यावा. शेवटी भट्टीची सर्व छिद्रे मातीने बंद करावीत आणि पूर्ण थंड झाल्यावरच उघडावी. गरम कोळशाला हवा लागली तर तो पेट घेतो.

धरलेला सिरका लगेच वापरू नये. तो तीन महिने सावलीत, न हलवता ठेवावा. त्याचे तीन थर होतात. वर तेलकट तवंग, तळाशी काळे डांबर आणि मध्ये कोऱ्या चहासारखा स्वच्छ सिरका. मधला थर तेवढा बारीक नळीने ओढून घ्यावा. जपानमधील उत्पादकांच्या मानकातही हा निवळण्याचा काळ आणि १.५ ते ३.७ हा सामू धरलेला आहे. मार्चमध्ये भट्टी लावली तर जूनअखेरीस सिरका निवळतो आणि खरिपाच्या पहिल्या फवारणीला मिळतो. मात्र मार्च ते मे हा वणव्याचा काळ आहे. भट्टी गवतापासून आणि काजूच्या बागेपासून दूर, साफ केलेल्या जागेवर लावावी आणि पाण्याची पिंपे भरून ठेवावीत.

कोणते लाकूड वापरावे याविषयी चार गोष्टी :

- करवंटी, आंबा-काजूच्या छाटणीचे लाकूड, बागेतील वठलेल्या फांद्या वापराव्यात.
- काजूबियांची टरफले वापरू नयेत. त्यातील तेलाने कातडी भाजते, हे काजू फोडणाऱ्या आपल्या भगिनींना ठाऊक आहे. ते तेल धुराबरोबर सिरक्यात येते.
- रंगवलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक भट्टीत जाऊ देऊ नये.
- सिरक्यासाठी झाड तोडू नये. वृक्षतोडीवर १९६४ च्या राज्य कायद्याने नियंत्रण आहे आणि खाडीकाठच्या तिवर-चिपीला हात लावणे गुन्हा आहे. शंभर किलो सुक्या लाकडातून साध्या भट्टीत २० ते २५ किलो कोळसा मिळतो. कोळसा हेच मुख्य उत्पन्न आहे, सिरका हे जोडउत्पन्न. केवळ सिरक्यासाठी भट्टी लावणे परवडणारे नाही.

फवारणीचे प्रमाण आणि वेळ

प्रमाण सोपे करून सांगतो. पंप १५ लिटरचा धरला आहे.

- १००० पट : पंपाला १५ मि.लि.
- ५०० पट : पंपाला ३० मि.लि.
- ३०० पट : पंपाला ५० मि.लि.

सोयाबीनवर प्रथम १००० पटीने सुरुवात करावी. पाने करपली नाहीत तर पुढची फवारणी ५०० पटीने घ्यावी. ३०० पटीपेक्षा तीव्र द्रावण उभ्या पिकावर कधीही वापरू नये. बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजू नये, औषधाच्या मापाच्या पेल्याने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे. प्रमाण चुकल्याची खूण म्हणजे पानांच्या कडा तपकिरी होणे आणि कोवळ्या पानांवर ठिपके पडणे.

पहिली फवारणी पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी, दुसरी फुले येण्याच्या आधी म्हणजे साधारण ३५ दिवसांनी करावी. भर फुलोऱ्यात फवारू नये. तिसरी करायची तर शेंगा भरताना. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची असावी, दुपारच्या उन्हात नको. आपल्याकडील खरी अडचण पावसाची आहे. जुलैच्या संततधारेत केलेली फवारणी ओढ्याला जाते. उघडीप पाहूनच पंप उचलावा. उघडीप मिळाली नाही तर फवारणी सोडून द्यावी, त्यात नुकसान काही नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी फवारणीस घेऊ नये.

सिरका कशात मिसळू नये हे नीट लक्षात ठेवावे. चुना, राख आणि बोर्डो मिश्रण अल्कधर्मी आहेत. त्यांत सिरका घातला तर आम्ल मारले जाते. बोर्डोच्या बाबतीत याहून वाईट होते, तांबे मोकळे सुटून पाने करपतात. सुपारीच्या बागेत बोर्डो फवारलेला पंप न धुता सिरक्यासाठी वापरू नये. रायझोबियम, स्फुरद जिवाणू, ट्रायकोडर्मा, जीवामृत या सजीव वस्तूंबरोबरही सिरका एकत्र करू नये. जिवाणू लावलेल्या बियाण्याला सिरका चोळणे म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे.

किडी-रोगांबाबत

सिरक्याचा उग्र वास काही किडींना नकोसा होतो. पण सोयाबीनची खोडमाशी आणि चक्रीभुंगा यांच्या अळ्या खोडाच्या आत असतात. तेथे वास पोचत नाही. पाने खाणाऱ्या अळ्यांचा उपद्रव वाढला असता केवळ सिरक्यावर विसंबून राहिलात तर पीक हातचे जाईल. त्यासाठी पक्षीथांबे, कामगंध सापळे, ५ टक्के निंबोळी अर्क, तंबाखूवरील अळीसाठी एस.एल.एन.पी.व्ही. हे विषाणूजन्य कीटकनाशक, अंडीपुंज आणि कीडग्रस्त पाने-फांद्या तोडून नष्ट करणे, हे मार्ग वापरावेत.

जपानचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे २००३ साली कीडनाशक कायद्यात बदल झाला आणि निर्धोक मानलेल्या साध्या पदार्थांची यादी करण्यात आली. खाण्याचा सिरका व खाण्याचा सोडा तिच्यात आले. लाकूड-सिरक्याचा मात्र तेव्हा समावेश झाला नाही, निर्णय राखून ठेवण्यात आला. ज्या देशात त्याचा वापर रुजला तेथेही इतकी सावधगिरी बाळगली गेली. फिलिपाइन्स आणि ब्राझीलमध्ये सोयाबीनवर त्याचे प्रयोग झाले आहेत. लाकूड, प्रमाण आणि जमीन बदलली की परिणामही बदलतो. म्हणूनच दुसऱ्याच्या शेतातील यश जसेच्या तसे आपल्या शेतात उतरेल असे धरून चालू नये.

विकतच्या बाटलीविषयी सांगायचे तर लेबल वाचावे. कीड मारते असे लिहिले असेल तर कीटकनाशक कायदा, १९६८ खालील नोंदणी क्रमांक विचारावा. वाढ करते असे लिहिले असेल तर फेब्रुवारी २०२१ पासून असे जैव-उत्तेजक खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत, त्याची नोंद विचारावी. उत्तर मिळाले नाही तर बाटली परत ठेवावी. पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्या शेतात आपणच पारखा

एकाच वाफ्यात १० मीटर लांबीच्या चार-चार ओळींचे नऊ पट्टे आखावेत. तीन पट्ट्यांवर केवळ पाणी, तिघांवर १००० पट, तिघांवर ५०० पट द्रावण फवारावे. पट्टे आलटून पालटून घ्यावेत म्हणजे जमिनीच्या चढ-उताराचा फरक एकाच्याच वाट्याला येणार नाही. नुसत्या पाण्याचा पट्टा अवश्य ठेवावा. तो नसेल तर पाऊस चांगला झाला म्हणून पीक चांगले आले, की सिरक्यामुळे, हे कळणार नाही.

चाळीस दिवसांनी प्रत्येक पट्ट्यातील कडेच्या ओळींतून पाच झाडे मुळांसकट, ओली माती न झटकता उपटावीत आणि पाण्यात हलके धुवावीत. गाठी मोजाव्यात, काही गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतून गुलाबी असतील तर त्या काम करीत आहेत. हिरवट किंवा पांढऱ्या असतील तर नाहीत. सिरक्याच्या पट्ट्यात गाठी कमी दिसल्या तर तेथेच थांबावे.

काढणीच्या वेळी मधल्या दोन ओळींचा दाणा वेगळा वजन करावा. या दोन ओळींचे क्षेत्र ९ चौरस मीटर भरते. तेथे १०० ग्रॅमचा फरक म्हणजे एकरी सुमारे ४५ किलोचा फरक. २०२५-२६ हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती, त्या दराने हे सुमारे २,४०० रुपये होतात. यातून सिरक्याची किंमत आणि दोन-तीन फवारण्यांची मजुरी वजा करावी. तिन्ही ठिकाणी फरक एकाच दिशेने आला आणि खर्च वजा जाता काही उरले, तरच पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवावे. भातानंतरच्या चवळीवर किंवा भुईमुगावर हाच प्रयोग करता येतो. तेथे पावसाचा अडथळा नसल्याने निकाल अधिक स्पष्ट दिसेल.

सुरक्षितता

सिरक्यात मिथिल अल्कोहोल असते, तो पोटात जाणे घातक आहे. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. सरबताच्या किंवा कोकमाच्या बाटलीत तो कधीही भरू नये, रंग तसाच दिसतो. हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. भट्टीच्या धुरात विषारी वायू असतो, म्हणून ती बंद पडवीत किंवा गोठ्याजवळ लावू नये. तळाचे डांबर विहीर, ओढा, खाडी यांत टाकू नये, कुंपणाच्या खांबांच्या बुडाला लावावे. वाळवी लवकर लागत नाही.

शंका-समाधान

*सोयाबीनचे बी सिरक्याच्या पाण्यात भिजवावे का ?* नाही. साल सुटते आणि उगवण घटते.

*खाण्याचा सिरका वापरला तर ?* त्यात ॲसेटिक आम्ल आहे, धुरातील इतर घटक नाहीत. दोन्ही एक नव्हेत.

*सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या शेतात चालेल का ?* बाहेरून आणलेली कोणतीही निविष्ठा वापरण्यापूर्वी आपल्या प्रमाणीकरण संस्थेची लेखी संमती घ्यावी. एका फवारणीसाठी तीन वर्षांचे काम पणाला लावू नये.

*भट्टीतील कोळशाचा चुरा टाकून द्यावा का ?* नाही. तो शेणखतात मिसळून कुजवावा आणि भरड जमिनीत घालावा. आपल्या हलक्या जमिनीत तो ओल धरण्यास मदत करतो.

बंधू-भगिनींनो, लाकूड-सिरका टाकाऊ धुरातून मिळतो, फुकट मिळतो आणि जपून वापरला तर प्रयोग करण्याजोगा आहे. पण सोयाबीनचे पोट गाठींवर भरते आणि गाठी चुना, निचरा व रायझोबियमवर जगतात. क्रम हाच ठेवावा. माती परीक्षणासाठी व शंका विचारण्यासाठी किर्लोस येथील कृषि विज्ञान केंद्र आपल्या तालुक्यातच आहे. येताना मातीचा नमुना बरोबर आणा. ज्यांनी पट्टे टाकले असतील त्यांनी आपली मोजमापांची वहीही आणावी.